मावशी, जरा पाणी देता का?

मैत्रिणींनो, एक गोष्ट तुमच्या कधी लक्षात आली आहे का? आपल्या मराठीत अनोळखी माणसाला हाक मारायला वेगळा शब्दच नाही. भाजीवाली दिसली की आपण "मावशी, मेथी कशी दिली?" म्हणतो. रिक्षावाला दादा, कंडक्टर भाऊ, एस.टी.त शेजारी बसलेली म्हातारी आजी, आणि वाट विचारायला थांबलेला पोरगा आपल्याला बिनदिक्कत "काकू" म्हणून मोकळा होतो! ज्याचं नाव-गाव ठाऊक नाही, जो आयुष्यात पुन्हा भेटेल की नाही सांगता येत नाही, त्याला आपण पहिल्याच शब्दात नात्यात ओढून घेतो.

शब्द असे तोंडात बसलेले आहेत. पण त्या शब्दाला शोभेल एवढं नातं आपल्या हातून निभावलं जातं का, हा प्रश्न मला अलीकडे फार सतावतो. आमच्या सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी दारात आलेल्याला आधी पाणी द्यायचे, मग नाव विचारायचे. आता आधी नाव विचारतात, मग आधार कार्ड, आणि पाणी राहूनच जातं."

त्यांचं म्हणणं खरं आहे, पण आपली बाजूही काही खोटी नाही. दुपारी घरात आपण एकट्या असतो. दारावर कोण आलं आहे, काय विकायला आलं आहे, खरंच विकायलाच आलं आहे की काय, कोण जाणे! फोनवर गोड बोलून पैसे लुबाडल्याच्या बातम्या रोज वाचतो. अशा वेळी दाराची साखळी काढायला हात धजत नाही, यात आपला दोष तो काय? शिवाय घरातली माणसं, त्यांची दुखणी-खुपणी, मुलांचे अभ्यास, सणवार यांतच जीव मेटाकुटीला येतो. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत! परक्याचं करायला वेळ आणायचा कुठून?

मी अर्धा दिवस शाळेत मराठी शिकवते. गेल्या वर्षी पाचवीच्या मुलांना एक गृहपाठ दिला. घरातल्या मोठ्या माणसांना विचारायचं, "अनोळखी माणसानं तुम्हांला कधी मदत केली होती का?" आणि ते आठ-दहा ओळींत लिहून आणायचं. मला वाटलं होतं, मुलं 'परोपकाराचे महत्त्व' असं काहीतरी पुस्तकी लिहून आणतील. पण वह्या तपासायला बसले आणि चहा गार होऊन गेला तरी उठले नाही.

एका मुलीच्या आईला लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात एस.टी. लागली. शेजारच्या बाईनं आपली पिशवी रिकामी करून तिच्यापुढं धरली आणि वर आवळासुपारी दिली. एका मुलाच्या वडलांची मोटरसायकल पाथर्डीच्या वाटेवर रात्री बंद पडली, तेव्हा ऊसतोडीला निघालेल्या एका बिऱ्हाडानं त्यांना चुलीशी बसवून भाकरी खाऊ घातली. ज्यांचं स्वतःचं घर सहा महिने बैलगाडीवर, त्यांनी!

एका मुलानं आपल्या पणजीची हकीकत लिहिली होती. ती १९७२ सालच्या दुष्काळातली. आपल्या नगर जिल्ह्यानं तो दुष्काळ कसा सोसला, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. अजून त्यांच्या बोलण्यात सुकडी आणि मिलो येतात. ही पणजी तेव्हा विशीतली, कडेवर सहा महिन्यांचा मुलगा. दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडायची. पोटात अन्न नाही, त्यामुळे अंगावरचं दूध आटलं. पोर रडून रडून निपचित पडलं. तेव्हा शेजारच्या रांगेतली एक बाई उठली. दुसऱ्या गावची, दुसऱ्या समाजाची. तिचंही मूल तान्हं होतं. तिनं काही न बोलता हे पोर उचललं आणि पदराखाली घेतलं. पुढं काम संपेपर्यंत रोज ती दोघांना पाजत होती. मुलानं शेवटी लिहिलं होतं, "ते बाळ म्हणजे माझे आजोबा. त्या बाईचे नाव पणजीला आठवत नाही."

आणि एका वहीत फक्त एकच ओळ होती. "आमच्याकडे अनोळखी माणसे येत नाहीत." ते मूल एका नव्या इमारतीत राहतं. फाटकावर रखवालदार आहे, वही आहे. त्या ओळीला मी चूक तरी कशी म्हणणार? त्यानं खरं तेच लिहिलं होतं. पण मन थोडं चरकलं खरं.

आपल्या जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं. जुन्या सवयीनं आपण नगरच म्हणतो, पण ज्या बाईचं नाव दिलं तिची आठवण या निमित्तानं करायला हरकत नाही. अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ सालचा, आपल्याच जामखेड तालुक्यातल्या चौंडी गावचा. त्यांनी राज्य कसं चालवलं हे इतिहासात आहेच. पण देशभर लोकांच्या तोंडी त्यांचं नाव राहिलं, ते विहिरी, बारवा, घाट आणि धर्मशाळांमुळे. विचार करा, विहीर कोणासाठी असते? जो तहानेला येईल त्याच्यासाठी. बांधणारीला तो कधी दिसणारही नसतो. परक्यासाठी केलेली सोय आपल्या माघारीही उभी राहते, ती अशी.

तुम्ही म्हणाल, "त्या राणी होत्या. आमच्या हातात आहे काय? पोळपाट-लाटणं!" मग आता पोळपाट-लाटण्याचीच गोष्ट सांगते, आणि तीही आपल्याच जिल्ह्यातली.

डॉ. राजेंद्र धामणे आणि डॉ. सुचेता धामणे हे नगरचं डॉक्टर जोडपं. दोघंही होमिओपॅथीचे. चारचौघांसारखा संसार आणि दवाखाना चालला असता. पण १९९८च्या सुमाराला रस्त्याच्या कडेला एक माणूस त्यांच्या नजरेस पडला. भुकेनं आणि वेडाच्या भरात तो अशी घाण तोंडात घालत होता, की ते इथं लिहवत नाही. आपण असं काही पाहिलं की काय करतो? पदर नाकाला लावतो, मुलाचं तोंड दुसरीकडे वळवतो आणि "अरेरे" म्हणून पुढे जातो. या दोघांनी जवळचं अन्न त्याला दिलं. पण मनातून तो माणूस जाईना. असे आणखी किती असतील? मग सुचेताताई घरी स्वयंपाक करू लागल्या आणि दोघं मिळून नगरच्या रस्त्यांवरच्या अशा बेवारस माणसांना जेवण पोचवू लागली. हळूहळू ही माणसं चाळीस-पन्नासांवर गेली. एक दिवस, दोन दिवस नव्हे, वर्षानुवर्षं.

हा आकडा आपण वाचतो आणि पुढे जातो. पण मैत्रिणींनो, त्याचा खरा हिशेब फक्त आपल्याला कळतो! पन्नास माणसांना तीन-तीन पोळ्या म्हटल्या तरी दीडशे पोळ्या झाल्या. किलोभर कणकेच्या पंचवीस-तीस पोळ्या धरल्या तर रोजची पाच-सहा किलो कणीक. ती मळायची, लाटायची, भाजायची. वर भाजी, मग बांधाबांध. हे घरच्या माणसांचं सगळं करून! सणाला वीस पानं वाढायची म्हटली तर आपण दोन दिवस आधी कंबर धरून बसतो. म्हणून म्हणते, हे काम मोठ्या शब्दांचं नाही. ओट्यापाशी उभं राहून पाय दुखेपर्यंत करायचं काम आहे.

पुढे २००७ साली त्यांना रस्त्यावर एक तरुण मुलगी दिसली. मनाचा तोल गेलेली, अंगावर धड कपडे नाहीत, रात्रीची एकटी. त्या वेळी त्यांना कळलं, की हिला नुसतं जेवण देऊन भागणार नाही. भुकेल्या पुरुषाला भाकर देऊन आपण घरी जाऊ शकतो; पण अशा बाईला रस्त्यावर सोडून घरी आलं तर झोप लागेल का? रात्र म्हणजे तिच्यासाठी काय असते, हे आपण बायका न सांगता समजतो. डॉक्टरांच्या वडलांनी नगरजवळच्या शिंगवे गावची आपली जागा दिली आणि तिथं अशा बेघर, मनोरुग्ण स्त्रियांसाठी घर उभं राहिलं. नाव 'माउली'. ज्ञानेश्वरी जिथं सांगितली गेली ते नेवासं आपल्याच जिल्ह्यात आहे, त्यामुळे हे नाव आपल्या कानाला फार ओळखीचं.

त्या घरात आजवर शेकडो स्त्रिया आल्या. कित्येकींना क्षय, कित्येकींना एच.आय.व्ही., कित्येकींच्या पोटात रस्त्यावरच्या अत्याचाराचं मूल. त्यांना न्हाऊ घालणं, केसांतली जट काढणं, जखमा धुणं, औषध देणं आणि जन्मलेली मुलं वाढवणं, हे सगळं तिथं होतं. सुरुवात मात्र एका डब्यापासून झाली, हे विसरू नका.

रस्त्यावरचा असा माणूस मुळात कोण असतो, याचीही एक हकीकत सांगण्यासारखी आहे. मुंबईचे डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी हे मानसोपचारतज्ज्ञ जोडपं. १९८८च्या सुमाराला त्यांना एक तरुण नारळाच्या करवंटीतून गटाराचं पाणी पिताना दिसला. त्यांनी त्याला आपल्या दवाखान्यात नेलं, उपचार केले. तो बरा झाल्यावर कळलं, की तो आंध्रातला पदवीधर, चांगल्या घरचा मुलगा! घरची माणसं त्याला शोधून थकली होती. यातूनच त्यांची 'श्रद्धा' ही संस्था उभी राहिली. ती कर्जतला आहे. आपल्या जिल्ह्यातलं कर्जत नव्हे बरं का, रायगडचं! हजारो माणसं त्यांनी बरी करून घरी पोचवली. २०१८ साली डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

ज्याला आपण 'वेडा' म्हणून वळसा घालतो, तो कुणाच्या तरी घरचा हरवलेला मुलगा असतो. हे मी आज इतक्या ठामपणे लिहिते, त्याला आमच्या घरचंच कारण आहे.

आमचे सासरे, नाना, शिक्षक होते. तीन वर्षांपूर्वी त्यांना विसरायला होऊ लागलं. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. मला ते कधी सूनबाई म्हणत, कधी त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावानं हाक मारत. एका जानेवारीत दुपारच्या वेळी ते फाटकाबाहेर पडले. रोज कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचे, तसेच निघाले. त्या दिवशी आलेच नाहीत.

तारकपूर स्टँड, माळीवाडा, देवळं, दवाखाने, सगळं पालथं घातलं. हे पोलीस चौकीत गेले. सासूबाई देवापुढं दिवा लावून नुसत्या बसून होत्या. अंधार पडू लागला तसा माझ्या पोटात गोळा आला. थंडीचे दिवस, अंगात स्वेटर नाही, खिशात पैसे नाहीत. कुणाला सांगायला स्वतःचा पत्ता आठवत नाही. त्या संध्याकाळी आमचे नाना हेच 'रस्त्यावरचा अनोळखी माणूस' झाले होते.

साडेसातला फोन आला तो राहुरीहून. स्टँडजवळ एक बाई चहाची टपरी चालवते. हा म्हातारा बराच वेळ नुसता उभा आहे आणि दोन पायांत दोन वेगळ्या चपला आहेत, हे तिच्या ध्यानात आलं. तिनं त्यांना हाताला धरून बाकावर बसवलं, चहा दिला, आपली शाल दिली. नाव विचारलं तर सांगता येईना, गाव सांगता येईना. मग तिनं विचारलं, "बाबा, नोकरीला कुठं होता?" आणि काय आश्चर्य! नानांनी शाळेचं नाव सांगितलं, हेडमास्तरांचंसुद्धा! या आजारात कालचं जातं पण जुनं राहतं, हे डॉक्टरांनी आम्हांला पुढं समजावलं. त्या बाईला ते कुणी शिकवलं होतं? चहाला आलेल्या एका मास्तरांना तिनं गळ घातली, "तुमच्यातलेच दिसतात, करा काही तरी." त्यांनी चार फोन फिरवले आणि आमचा नंबर मिळवला.

आम्ही पोचलो तेव्हा नाना बाकावर तिची शाल पांघरून बसले होते आणि तिच्या मुलाचा पाढा तपासत होते! ह्यांनी पाकीट काढलं. ती म्हणाली, "दोन चहा झालेत, त्याचे द्या. बसायचे पैसे नसतात."

मैत्रिणींनो, नाना आता नाहीत. पण त्यानंतरची सव्वा वर्षं ते आमच्यात होते, आपल्या पलंगावर, आपल्या माणसांत गेले, ते त्या दोन चहांमुळे. त्या बाईनं आपली टपरी सोडून काही केलं नाही. तिनं फक्त चपलांकडे पाहिलं. प्रेमाची ताकद वगैरे म्हणतात ती मला तरी तेवढ्यातच दिसली. आधी पाहायचं, आणि पाहिल्यावर मान फिरवायची नाही.

आता आपण, घर सांभाळून, काय करू शकतो? मला सुचलं ते सांगते.

तुमच्या घरी विसराळू वृद्ध माणूस असेल तर आजच त्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशाच्या आतल्या बाजूला आणि लुगड्याच्या किंवा पोलक्याच्या काठाला घरचा फोन नंबर रंगीत दोऱ्यानं टाका. चिठ्ठी हरवते, टाका हरवत नाही. त्या दिवसानंतर मी नानांच्या साऱ्या कपड्यांवर तो टाकला होता. परक्याला मदत करणं सोपं करून ठेवणं, हीसुद्धा आपलीच जबाबदारी आहे.

रस्त्यावर मनाचा तोल गेलेलं कुणी दिसलं तर आपण एकट्यानं धाडस करायचं कारण नाही. ११२ नंबरवर पोलिसांना कळवा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा निराधार माणसाला संरक्षणात घेणं हे पोलिसांचं कर्तव्यच ठरवलं आहे. चोवीस तासांच्या आत त्याला सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी न्यावं लागतं. जखमी किंवा आजारी असेल तर १०८ वर रुग्णवाहिका मिळते. एकट्या लहान मुलासाठी १०९८, संकटातल्या बाईसाठी १८१. हे चार नंबर वाणसामानाच्या यादीशेजारी भिंतीवर लिहून ठेवा. आणि अपघात झालेल्याला उचललं तर कोर्टकचेरी मागे लागेल, ही जुनी भीती आता सोडा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनं चांगुलपणानं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. आपलं नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

अन्न द्यायचं तर ताजं द्या. कालची आंबलेली भाजी देऊन आपण डबा रिकामा करतो, कुणाचं पोट भरत नाही. रोख पैसे देण्याऐवजी खाऊ घाला, आणि देताना एक हाक मारा, 'बाबा' म्हणा, 'मावशी' म्हणा. कित्येक दिवसांत त्या माणसाला कुणी हाक मारलेली नसते.

दार उघडायची भीती वाटते ना? मग नका उघडू, पण उन्हाळ्यात फाटकाबाहेर एक माठ आणि वर पेला ठेवा. पार्सल घेऊन येणारी पोरं चैत्र-वैशाखाच्या उन्हात दारोदार फिरत असतात, कुणी पाणी विचारत नाही. आमच्या आळीत चार घरांनी मिळून माठ ठेवला आहे. रोज एकीनं भरायचा, घासायचा. आठवड्याला दोनदा पाळी येते, एवढंच काम. पहिल्या उन्हाळ्यात दोन पेले चोरीला गेले. सासूबाई म्हणाल्या, "तिसरा साखळीला बांधा, पण माठ उचलू नका."

यातलं कुठलंही काम तुमच्या संसाराच्या आड येणारं नाही. पन्नास डबे करायला प्रत्येकीला जमणार नाही, जमावं असंही नाही. मात्र उद्या बाजारात, स्टँडवर, देवळाच्या पायरीवर एखाद्या माणसाच्या पायांत दोन वेगळ्या चपला दिसल्या, तर तिथं क्षणभर थांबता येईल ना? एवढंच मागणं आहे.

आणि हो, तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनाही माझ्या वर्गातला प्रश्न विचारून पाहा. मुलांना जवळ बसवून विचारा. जी हकीकत निघेल ती या पानासाठी जरूर लिहून पाठवा. पणजीला त्या बाईचं नाव आठवलं नाही, निदान तिची गोष्ट तरी राहील.